झाडाच्या आवाळूचे लाकूड

गावात एखादे जुने झाड पडले, की त्याची वाटणी जणू आधीच ठरलेली असते. सरळ बुंधा सुताराकडे किंवा वखारीत जातो, जाड फांद्या चुलीसाठी फुटतात, डहाळ्या राबाला किंवा कुंपणाला लागतात. मागे उरते ते बुंध्यावरचे एक ओबडधोबड टेंगूळ. त्याला करवत लावावी तर ती अडकते. कुऱ्हाड घालावी तर उसळून परत येते. फोडणारा दोनचार घाव घालतो, एक शिवी हासडतो आणि ते टेंगूळ परसात लोटून देतो. पावसाळ्यात त्याच्यावर अळंबी उगवते, पुढच्या उन्हाळ्यात वाळवी लागते, आणि सबंध झाडातले सर्वांत देखणे लाकूड मातीला मिळते.

ह्या टेंगळाला आपल्याकडे नुसते ‘गाठ’ म्हणतात. पण फांदी जेथे खोडात शिरते त्या जागेलाही सुतार गाठच म्हणतो, आणि ती गाठ म्हणजे फळीतला दोष. ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. माणसाच्या अंगावर जसे आवाळू येते तसे हे झाडाच्या अंगावर आलेले असते. म्हणून घोटाळा टाळण्यासाठी आपण येथे त्याला आवाळूच म्हणू या.

हे सांगण्याची निकड वाटते त्याला कारण आहे. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, ‘तौक्ते’ कोकणपट्टीला घासून गेले. आजोबा-पणजोबांनी लावलेले आंबे, फणस, चिंचा एका दिवसात आडव्या झाल्या. बागाइतदाराचे नुकसान काही आवाळूने भरून निघत नाही, हे खरेच. परंतु पडलेल्या झाडातून निदान जे निघण्यासारखे आहे ते तरी निघावे. साठ-सत्तर वर्षे झाडाने घडवलेला तो गोळा चार महिन्यांच्या दुर्लक्षाने वाया जातो. आणि खरे सांगायचे तर दुर्लक्षापेक्षाही घाईने अधिक वाया जातो. हौसेने उचलून आणलेल्या गाठी उन्हात टाकल्यामुळे तडकतात, मग मनुष्य म्हणतो, “ह्या लाकडाचं काही होत नाही.” होते, पण त्याचे पाणी कसे काढायचे हे कळले पाहिजे. सगळी विद्या तेवढीच आहे.

आधी आवाळू म्हणजे काय ते पाहू. झाडाच्या सालीखाली सुप्त कोंब असतात. जखम झाली, कीड किंवा बुरशी लागली, वारंवार छाटणी किंवा आग सोसावी लागली, की कधीकधी एकाच जागी असे असंख्य कोंब जागे होतात. पण फांदी होऊन बाहेर पडण्याऐवजी ते तेथल्या तेथेच अडकतात. झाड दरवर्षी त्यांच्याभोवती लाकूड चढवीत राहते. त्यामुळे आतल्या तंतूंना सरळ वाट राहत नाही. ते कोंबांना वळसे घालीत, एकमेकांत गुंतत वाढतात. कापल्यावर दिसणारे ते बारीक ठिपके, ज्यांना कारागीर ‘डोळे’ म्हणतात, ते ह्या अडकलेल्या कोंबांचे. काही जातींत ही वाढ स्वभावतःच जमिनीलगत होते. निलगिरीच्या बऱ्याच जातींत बुडाशी असा गड्डा असतो आणि वणव्यानंतर झाड त्यातूनच पुन्हा फुटते.

प्रत्येक फुगवटा मात्र आवाळू नसतो. आंब्याच्या फांदीवर बांडगूळ जेथे रुजते तेथे जाड सूज येते. ती निराळी, तिच्यात परक्या झाडाची मुळे शिरलेली असतात. तोडलेल्या फांदीच्या खुंटावर झाड कडेने लाकूड गुंडाळीत आणते, तोही फुगवटा बाहेरून फसवा दिसतो, पण आत पोकळ आणि कुजका निघतो. बोटाच्या पेराने ठोकून पाहा. आवाज पोकळ आला तर समजावे. खऱ्या आवाळूची साल थोडी उचकटली, की खालचे लाकूड गुळगुळीत नसते, त्यावर काट्यांसारखे किंवा गोवराच्या पुळ्यांसारखे बारीक उंचवटे लागतात. ही खूण पक्की.

एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. उभ्या, जिवंत झाडाचे आवाळू कापून घेऊ नये. तो फुगवटा झाडाला सहसा मारीत नाही, पण त्याच्या जागी पडलेली हातभर रुंदीची जखम मारू शकते. तेथून बुरशी आणि भुंगा थेट गाभ्यात जातो. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या रेडवुडच्या राष्ट्रीय उद्यानात ह्या गाठींच्या चोऱ्या इतक्या वाढल्या, की २०१४ साली तेथला एक रस्ता रात्री वाहनांना बंद करावा लागला. आपल्याकडे १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड विनियमन कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग ही रोजची झाडे त्याच्या यादीत आहेत. पडलेल्या झाडाचे लाकूड गावाबाहेर हलवतानाही वनखात्याच्या कचेरीत आधी विचारून घेतलेले बरे.

आता वाळवण्याकडे वळू. ही काही आजची विद्या नव्हे. पहिल्या शतकातल्या रोममध्ये श्रीमंतांना एका लाकडाच्या मेजांचे वेड लागले होते. ते झाड सायप्रसच्या कुळातले, आजच्या मोरोक्को-अल्जीरियाच्या डोंगरांतले. आणि मेजे व्हायची ती त्याच्या मुळाशी येणाऱ्या गड्ड्याची, म्हणजे आवाळूचीच. सिसेरोने असल्या एका मेजाला पाच लाख सेस्टर्स मोजले, असे प्लिनी आपल्या निसर्गेतिहासाच्या तेराव्या खंडात नमूद करतो. परंतु आपल्या कामाची गोष्ट किमतीची नाही. प्लिनी पुढे लिहितो, की तिकडचे लोक हे लाकूड ओले असतानाच त्याला मेण फासून जमिनीत पुरतात, आणि कारागिराच्या हाती आल्यावर तो ते सात दिवस धान्याच्या राशीत ठेवतो, मग सात दिवस बाहेर ठेवतो. वजन किती घटते ते पाहून नवल वाटते.

ह्या वाक्यात सगळे आले. मेण आणि माती पाण्याला एकदम बाहेर पळू देत नाहीत. कोरडे धान्य ओल शोषून घेते, पण चहूबाजूंनी सारखी आणि हळूहळू. मधले सात दिवस बाहेर का? तर तेवढ्यात आतली ओल वरच्या थरापर्यंत येऊन पोचावी म्हणून. आपल्या घरी धान्याची रास नसली तरी भुसा आहे, गोणपाट आहे, तत्त्व तेच.

लाकडातले पाणी दोन ठिकाणी असते. काही पेशींच्या पोकळीत, जसे नळीत पाणी असावे तसे. आणि काही पेशींच्या भिंतींत मुरलेले. पोकळीतले पाणी आधी जाते. ते जाताना लाकूड हलके होते, पण आकसत नाही. सुक्या लाकडाच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी उरले, की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात; तेथून पुढे भिंतींतले पाणी निघू लागते आणि लाकूड आकसू लागते. आकसणे सर्व दिशांना सारखे नसते. घेराच्या दिशेने ढोबळ मानाने शंभरात आठ, गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्मे आणि उभ्या तंतूंच्या दिशेने जवळजवळ नाहीच. साध्या ओंडक्याला उभ्या चिरा का पडतात, ते ह्यावरून ध्यानात येईल.

आवाळूत तर तंतूंना दिशाच नाही. त्यामुळे ते कोणीकडे किती आकसेल ह्याचा हिशेब कागदावर मांडता येत नाही. फळी काढली तर ती पापडासारखी वेडीवाकडी होते, पृष्ठभागावर सुरकुत्या येतात. पण ह्याच गुंतागुंतीचा एक फायदाही आहे. सरळ लाकडात चीर एकदा सुरू झाली की सुसाट धावते. आवाळूत तिला पुढचा तंतू आडवा येतो. म्हणून लांब चिरा कमी पडतात. ज्या पडतात त्या डोळ्यांच्या कडेला आणि जेथे साल आत गाडली गेली आहे तेथे, बारीक आणि पुष्कळ.

आणखी एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. लाकडाच्या कापलेल्या तोंडाकडून, म्हणजे जेथे तंतूंची टोके उघडी पडतात तेथून, पाणी बाजूंपेक्षा दसपट किंवा त्याहूनही वेगाने निघते. म्हणून वखारीत ओंडक्यांच्या फक्त दोन तोंडांना रंग फासलेला दिसतो. आवाळू कोठेही कापले तरी तंतूंची टोके उघडी पडतातच. ते सगळेच्या सगळे तोंडच समजावे! तेव्हा लेप द्यायचा तो कापलेल्या सबंध पृष्ठभागाला.

हे कळले म्हणजे पुढची कामे आपोआप सुचतात. झाडापासून गाठ काढताना ती खोडाला लागून तासून काढू नका. दोन्ही अंगांना वीत-वीतभर खोडाचे लाकूड राखून कापा. फुटलेच तर ते फुटेल, आतले बचावेल. साल लगेच काढू नका, ती झाडाने स्वतः दिलेली झाकण आहे. आणि कापल्याच्या दिवशीच, शक्य तर त्याच तासात, उघड्या भागाला लेप द्या. देशावरच्या चैत्र-वैशाखात सकाळी कापलेल्या लाकडाला संध्याकाळी केसासारख्या चिरा दिसू लागतात. त्या नंतर बुजल्यासारख्या वाटल्या तरी आत राहतातच.

लेप कशाचा? मेण सर्वांत चांगले. मेणबत्त्यांचे तुकडे डब्यात घालून तो डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून वितळवावे. विस्तवावर थेट ठेवलात तर भडका उडेल. ब्रशाने दोन हात द्यावेत. मेण नसेल तर उरलेला तेलरंग जाडसर फासा, किंवा सुतारकामाचा पांढरा डिंक, फेव्हिकॉलसारखा, दोनतीन वेळा लावा. काहीच हाताशी नसेल तर शेणमातीचे लिंपण द्यावे. नसण्यापेक्षा ते बरे, पण ते स्वतःच ओल धरून ठेवते आणि बुरशीला बोलावते, म्हणून चारदोन दिवसांचीच ती सोय. महिनाभर वेळच मिळणार नसेल तर सरळ ओढ्याच्या डोहात बुडवून ठेवा. पूर्ण पाण्याखाली हवा पोचत नाही, त्यामुळे लाकूड तडकतही नाही आणि किडतही नाही. अर्धवट बुडालेले मात्र दोन्हीकडून जाते.

पुष्कळांची समजूत अशी, की आवाळू अख्खेच्या अख्खे कोपऱ्यात ठेवावे आणि पाच-सात वर्षांनी कापावे. फूटभर जाडीच्या गोळ्याचा वरचा थर वर्षात वाळतो आणि आकसू पाहतो. आत गाभा ओला, तो आकसायला तयार नाही. मग वरचा थर फुटल्यावाचून करणार काय? लहान मुलाच्या अंगातला सदरा आटला तर शिवण उसवते, तसेच हे. म्हणून मोठी गाठ ओली असतानाच उघडावी. मधोमध सालीचा पदर किंवा कूज असेल तर चीर तेथूनच घ्यावी, म्हणजे दोष कडेला पडतो.

उघडताना कोणत्या अंगाने कापायचे, ह्यात चव आहे. कोंब आतून बाहेर वाढलेले असतात. त्यांना आडवे, म्हणजे खोडाच्या पृष्ठाला समांतर कापले, तर डोळे गोल ठिपक्यांसारखे दिसतात. गाभ्याकडून सालीकडे कापले तर तेच कोंब उभे चिरले जाऊन बाणांसारख्या रेघा उमटतात. पेटीच्या झाकणाला पहिला कट शोभतो. वाडग्याला मी तरी दुसऱ्याची फिकीर करीत नाही. वाडगा गोल असल्याने त्यात दोन्ही दिसतात.

फळ्या काढायच्या तर दीड-दोन इंच जाडीच्या काढाव्यात, कारण वाकल्यावर रंध्याने सपाट करताना अर्धा इंच तरी जातोच. त्या विटांवर, जमिनीपासून हातभर उंच रचाव्यात. दोन फळ्यांमध्ये एक-एक इंचाच्या कोरड्या पट्ट्या, आणि वरच्या पट्ट्या बरोबर खालच्या पट्ट्यांच्या डोक्यावर. सगळ्यावर जड दगड. हा दगड विसरू नका. आवाळूच्या फळीला दडपण नसेल तर ती हवी तशी वळते. जागा सावलीची, वारा खेळता पण झोत नको. पंखा तर मुळीच नको.

येथे कोकणची आणि देशाची तऱ्हा निराळी. कोकणात पावसाळ्याचे चार महिने लाकूड वाळत नाहीच, उलट बुरशी धरते. तेथे छप्पर आणि हवा ह्यांना जपावे. मराठवाड्यात, विदर्भात उन्हाळ्याची हवा इतकी कोरडी, की लेप दिलेले लाकूडही गोणपाटाखाली, बंद खोलीत ठेवावे लागते. जुन्या घरांत चुलीवरच्या माळ्यावर लाकूड टाकण्याची चाल होती. ती चांगली आहे, धुराने कीड लागत नाही. परंतु ताज्या गाठीला तेथे पहिल्या वर्षी नेऊ नये.

वेळ किती लागेल? इंचभर जाडीला एक वर्ष, असा सुतारांमधला जगभरचा ढोबळ हिशेब आहे. मऊ आंब्याला कमी लागते, चिंचेसारख्या घट्ट लाकडाला अधिक. पण अंदाज कशाला करायचा? तराजू आहे की. तुकडा पहिल्या दिवशी तोलावा आणि तारीख व वजन पेन्सिलीने त्याच्यावरच लिहावे. पहिले दोन महिने दर आठवड्याला, पुढे महिन्याला. वजन आधी झपाट्याने उतरते, मग सावकाश, मग थांबते. तीन महिने ते हलले नाही, म्हणजे त्या जागेपुरते लाकूड वाळले. ‘त्या जागेपुरते’ हे शब्द मुद्दाम घातले आहेत, कारण आषाढात तेच लाकूड पुन्हा जड होते. हवेत ओल ८५ टक्क्यांच्या घरात असली, की लाकूड आपल्यात १७-१८ टक्के पाणी धरते. हवा पंचवीस टक्क्यांवर आली, की पाचच टक्के. सावंतवाडीला श्रावणात ‘वाळलेला’ वाडगा वैशाखात नागपूरला पाठवलात, तर तो तेथे पोचून तडकेल आणि दोष कारागिराच्या माथी येईल. बाहेरगावी पाठवायची वस्तू शेवटचा हात देण्यापूर्वी उन्हाळ्याचे दोन महिने घरात राहू द्यावी.

टक्केवारी काढायची हौस असेल त्याने एक लहान कपची तोलून १०३ अंश सेल्सिअसवर ओव्हनमध्ये, वजन उतरायचे थांबेपर्यंत ठेवावी. ६० ग्रॅमची कपची ५० ग्रॅम राहिली, तर पाणी १० ग्रॅम. ते ५० वर मोजायचे, म्हणजे २० टक्के. भाग सुक्या वजनाला द्यायचा असल्यामुळेच ओल्या आंब्यात शंभर टक्के पाणी असू शकते. ऐकायला विचित्र, पण हिशेब बरोबर आहे. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ सालापासूनची, आणि लाकूड वाळवण्याची भारतीय मानक संहिता, आय. एस. ११४१, पहिल्यांदा १९५८ मध्ये निघाली. ती मुख्यतः फळ्या-तुळयांसाठी असली, तरी रचण्याचे आणि मोजण्याचे नियम आपल्याही उपयोगाचे आहेत.

आता कातारी मंडळींसाठी. लेथवर काम करणाऱ्याने वर्षानुवर्षे थांबण्याची गरज नाही. त्याने ओल्या गाठीचाच वाडगा कच्चा कातून घ्यावा. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी ठेवायची: दहा इंची वाडग्याला एक इंच. भिंत सगळीकडे सारखी हवी, बुडाशी जाड ठेवण्याचा मोह टाळावा. आतला गाभाच काढून टाकल्यामुळे आतबाहेर ओढाताण उरत नाही. असा कच्चा वाडगा बाहेरून मेण लावून, त्याच्याच कातणात, म्हणजे लेथवर निघालेल्या लाकडाच्या सालपटांत, कागदी पिशवीत किंवा गोणपाटात पुरून ठेवावा. कातण ओलसर लागले की बदलावे, नाहीतर काळी बुरशी धरते. चार-सहा महिन्यांत तो वाळतो, आणि वाळताना लंबगोल होतो. होऊ द्या. त्यासाठीच तर जाडी राखली आहे. पुन्हा लेथवर चढवून गोल करून घ्यायचा.

काही जण कच्चा वाडगा उकळतात. इंचभर जाडीला तासभर, आणि मग त्याच पाण्यात थंड होऊ द्यायचा. लाकडातला ताण ह्याने ढिला पडतो, चिरा कमी होतात. रंग मात्र थोडा उतरतो. ज्यांना हे नवीन वाटेल त्यांनी विलायती चिरुटाच्या पाइपाकडे पाहावे. तो पाइप भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या मुळाच्या गड्ड्याचा. कॅलाब्रिया, कॉर्सिका अशा प्रदेशांत तो खणून काढतात, कापेपर्यंत ओल्या गोणपाटाखाली ठेवतात, त्याचे ठोकळे पाडतात, बारा-बारा तास किंवा त्याहूनही अधिक उकळतात आणि मग सावलीच्या शेडमध्ये महिनोन्‌महिने वाळू देतात. फ्रान्समधल्या सेंट-क्लॉड गावाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ह्याच एका धंद्यावर नाव मिळवले. रोजच्या निखाऱ्याची धग सोसणारी वस्तू ह्या लाकडाची होते, ती अशी तयारी केल्यामुळेच.

वाळवताना आणखी एक शत्रू आहे, तो भुंगा. पीठ पाडणारा हा किडा लाकडातल्या पिठूळ द्रव्यावर जगतो, म्हणून आंबा, पांगारा ह्यांसारखी फिकी लाकडे आणि कोणत्याही झाडाचा सालीलगतचा पांढरा भाग त्याला आवडतो. सावंतवाडीच्या चितारअळीतली रंगीत लाकडी खेळणी सर्वांना ठाऊक आहेत. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या हलका पांगारा लागत आला, आणि रंग-लाखेच्या थराने किड्यापासून बरेचसे संरक्षण होते. आवाळूवर असा थर देऊन चालत नाही, कारण मग त्याची नक्षी दिसणार कोठून? त्याला आधीच औषध द्यावे. टाकणखार आणि बोरिक पावडर मिळून पाच भाग, शंभर भाग पाण्यात विरघळवून, ओला तुकडा त्यात दिवसभर बुडवावा. मग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर ठेवावा, म्हणजे औषध ओलीबरोबर आत मुरते. हे सगळे मेणाच्या लेपाआधी. ज्या वाडग्यातून खायचे आहे त्याला हे औषध नको. तेथे सालीलगतचा पांढरा भाग तासून टाकणे हाच उपाय.

वाळलेल्या गाठीवर हत्यार चालवताना ते अतिशय धारदार हवे आणि घास पातळ घ्यावा. तंतू उलटसुलट असल्याने बोथट पटाशी कापीत नाही, उपटते. गाडल्या गेलेल्या सालीचे तुकडे, कधी माती आणि खडेही लेथवरून गोळीसारखे उडतात. डोळ्यांवर चष्मा आणि नाकावर फडके हवेच. शिसवीची धूळ तर पुष्कळांना सोसत नाही, खाज सुटते. भोके-चिरा बुजवायला शुद्ध लाख वितळवून ओतावी. काळसर लाख डोळ्यांच्या नक्षीत अशी मिसळते, की मुद्दाम घातल्यासारखी वाटते. चन्नपट्टणचे कारागीर फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबून, केवड्याच्या पानाने चकाकी आणतात. बिनरंगी लाख घेऊन तीच युक्ती येथेही चालते.

तेल द्यायचे तर जवसाचे द्यावे, पण लाकूड पुरते वाळल्यावरच. ओल्यावर दिलेले तेल आतली ओल कोंडते आणि महिन्याभरात डाग उठतात. पातळ हात द्यावा, अर्ध्या तासाने उरलेले पुसून घ्यावे, आठवडाभर सुकू द्यावे, पुन्हा द्यावे. असे तीनचार वेळा. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल वापरू नका. ते सुकत नाही, चिकट राहते आणि वास मारू लागते. आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना तापते, आणि भुशात पडलेली चिंधी रात्रीतून आपोआप पेट घेऊ शकते. ती दोरीवर पसरून वाळू द्या किंवा पाण्यात बुडवून मग टाका.